बर्फाची खाट की काचेचं छप्पर

अण्णा,

तुम्हाला हसू येईल, पण सध्या माझ्यापुढे प्रश्न असा आहे की थंडी खायला स्वीडनला जावं की फिनलंडला. हसा खुशाल. नांदेडच्या उन्हाळ्यात बर्फाच्या कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाची लेक तिकीट काढून बर्फात निघालीय, हे ऐकून तुमच्या हातातली चहाची बशी डचमळली असती. मग तुम्ही म्हणाला असता, "मला सांगायचं की, दोन लाद्या पाठवून दिल्या असत्या घरी." तसं आपल्यात गेलेल्या माणसाशी बोलायची काही सोय नाही. आत्मा नाही, वर कुणी बसलेलं नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत, विहारातून परत येताना सायकल हातात धरून चालत चालत. त्यामुळे हे लिहिलेलं कुठं पोचणार नाही याची मला पक्की खात्री आहे. तरी लिहून राहिले. कॉलेजला सुट्टी आहे, लातुरात दुपारची सामसूम आहे, जावई तुमचे घोरत पडलेत, आणि हे ज्याला विचारावं असं दुसरं कुणी मला सुचत नाही.

झालं असं की तुमची नात, जिला तुम्ही पाहिलंच नाहीत, आता पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिनं ठरवलं की आजी, आई आणि ती, अशा तिघींनीच कुठंतरी लांब जायचं. पुरुष नकोत. मी म्हटलं, तुझी आजी येईल तर ना. मायला तुम्ही ओळखता. बोधगयेची सहल निघाली तर गुडघा पुढं करते, मुंबईला चला म्हटलं तर घराला कुलूप नको म्हणते. तिला स्वतःसाठी कशाला 'हो' म्हणताना मी पाहिलेलं नाही. पण नातीनं फोनवर बर्फ पडताना दाखवला आणि माय एकदम म्हणाली, "हाव, येते की. तुझ्या आज्यानं जलमभर बर्फ केला. त्यो आपोआप कसा पडतो ते तरी बघू." मी उडालेच. पासपोर्टच्या वेळी यंत्र तिच्या बोटांचे ठसे घेईना, झिजलेत म्हणे, तरी ती पुन्हापुन्हा बोटं टेकवत राहिली, कंटाळली नाही. तिथल्या पोरीलाच धीर देत होती. म्हणून हे एवढं जपून चाललंय, अण्णा. हा तिचा एकच होकार आहे आणि तो आपल्या हातून फुटू नये असं मला वाटतं.

आमचा औसा रोडवरचा ट्रॅव्हल्सवाला आतापर्यंत चारधाम आणि दुबई विकत आला. त्यानं आमच्यापुढे दोन सहली मांडल्या. दोन्ही पार उत्तरेला, जिथं हिवाळ्यात सूर्य नावापुरता उगवतो आणि आकाशात हिरवे उजेड हलतात. फिनलंडमध्ये लाकडी घरं, झोपायच्या खोलीला काचेचं छप्पर, म्हणजे अंथरुणात पडल्यापडल्या आकाश दिसतं. रेनडिअर नावाच्या शिंगाळ्या जनावराची गाडी आणि अंग शेकायची एक गरम खोली. स्वीडनमध्ये मात्र एक हॉटेल अख्खं बर्फाचं. तिथली माणसं नदीतला बर्फ कापून जपून ठेवतात, हिवाळ्यात त्याच्या भिंती उभ्या करतात, आत खाटासुद्धा बर्फाच्या, त्यावर जनावरांची कातडी अंथरायची आणि जाड पिशवीत शिरून झोपायचं. उन्हाळा आला की सगळं हॉटेल वितळून परत नदीत. हे ऐकलं आणि माझं ठरलंच. मी सगळ्यांना सांगत सुटले, माझे वडील बर्फाच्या धंद्यातले होते, मला बर्फाच्याच घरात राहायचंय. आमच्या स्टाफरूममध्ये तर मी एवढं सांगितलं की आता तिथं मी आले की कुणीतरी पंखा बंद करतं.

पण खरं बघता तुमचं आणि थंडीचं कधी जमलंच नाही. मे महिन्यात स्वेटर घालून सायकलवर निघणारा सगळ्या नांदेडात एकच माणूस होता आणि तो माझा बाप होता. गल्लीतली पोरं ओरडायची, "स्वेटर आला, स्वेटर आला." तुम्ही घंटी वाजवून त्यांना सलाम करायचात. घरी आलात की आधी चुलीपुढे. बाहेर झळांनी रस्ता दिसेनासा झालेला, आम्ही ओले पंचे डोक्यावर घेऊन बसलेलो, आणि तुम्ही जाळावर हात धरून बसलाय. माय म्हणते, "सरका जरा, भाकर जळंल." तुम्ही सरकत नाही. मग ती तुमच्या हातांना वळसा घालून भाकरी टाकते. माठातलं पाणीसुद्धा तुम्हाला गार लागायचं. तुमच्या अंगाला कायम अमोनियाचा वास, कितीही आंघोळ केलीत तरी. पुढं कॉलेजात पहिल्या प्रॅक्टिकलला सरांनी अमोनियाची बाटली उघडली तेव्हा सगळ्या वर्गानं नाकं दाबली, आणि मी बाटलीकडे तोंड करून उभी. सर म्हणाले, "काय गं, त्रास होत नाही तुला?" मी म्हणाले, "सर, घरचा वास आला." सगळे हसले. मीही हसले. आज मी त्याच विषयाची मास्तरीण आहे आणि दरवर्षी ती बाटली उघडताना मला जरा घाईच होते.

तर गेल्या महिन्यात लेक पुण्याहून आली आणि आम्ही दोघी नांदेडला मायकडे गेलो, दोन्ही सहली तिला दाखवायला. जेवणं झाली होती. माय स्वयंपाकघरात पाय पसरून मेथी निवडत बसली होती. लेकीनं फोनवर आधी फिनलंड दाखवलं. माय म्हणाली, "छप्पर काचेचं? वांदरं न्हाईत वाटतं तिकडं." मग मी म्हटलं, आता हे बघ, खरी गंमत ही. आणि बर्फाच्या खोलीचा फोटो पुढं केला. निळसर पांढऱ्या भिंती, मधोमध बर्फाची खाट, तिच्यावर कुणीतरी बाई गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन उताणी पडलेली, डोळे मिटलेले. मायनं चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

लेक खो खो हसली. "आजी, ती झोपलीय, हॉटेल आहे ते!" तिचं काय चुकलं? तिच्या काळात माणूस गेलं की फोन करायचा, काचेच्या झाकणाची फ्रीजची पेटी येते, वायर लावायची, झालं. घरात खाली बर्फाच्या लाद्या मांडून, वर चटई टाकून, त्यावर माणूस निजवलेलं तिनं कधी पाहिलेलं नाही. आपल्याकडे जिवंत माणूस बर्फावर निजत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मी, जी त्याच बर्फावर वाढले, ती मी हे विसरून मायपुढे तो फोटो नाचवत होते. मायनं फोन परत दिला. मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि म्हणाली, "तुमी दोघी जा. मपला गुडघा काय साथ द्यायचा न्हाई."

त्या दिवशी परत येताना गाडीत मी लेकीला तुमच्या कारखान्याची गोष्ट सांगितली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन यायचे. पाण्याचे उंच उंच डबे मिठाच्या पाण्यात बुडवलेले, साखळीनं वर ओढलेले, आणि त्यातून सरकन बाहेर येणारी लादी, भुशात लोळवून पोत्यात गुंडाळलेली. दारात लग्नवाल्यांची ही गर्दी. एकदा एक टेम्पोवाला वऱ्हाड आलंय, वऱ्हाड आलंय म्हणून डोकं खात होता, आणि भिंतीला टेकून दोन माणसं नुसती उभी होती, काही न मागता. तुम्ही माझ्या हातातला डबा न घेता सरळ त्यांच्याकडे गेलात, काहीतरी विचारलंत आणि टेम्पोवाल्याची लादी त्यांच्या हातगाड्यावर चढवलीत. मी मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, त्यांचा नंबर नव्हता!" तुम्ही वळून एवढंच म्हणालात, "गप बस." तुम्ही मला कधी तसं बोलला नव्हतात. मी भिंतीकडे तोंड करून रडले. नंतर चहा पिताना तुम्ही म्हणालात, "लग्नवाल्याला वरडाया येतं. मैयतवाला गप उभा ऱ्हातो. त्याला आपणच बघावं लागतंय." टेम्पोवाल्याला पण मग तुम्ही मोठी लादी दिलीत आणि तो खुशीत गेला. लेक म्हणाली, "आई, मग फिनलंडच करू ना."

करू ना! एवढं सोपं होतं. पण मी अडून बसले. मला स्वतःलाच कळेना का. फिनलंडचं नाव काढलं की मी चिडायचे, काचेच्या छपरात काय ठेवलंय, आकाश तर गच्चीवरूनही दिसतं. मी म्हणायचे की अण्णांसाठी. तुम्ही मला दहावीला दिलेलं बक्षीस आठवायचं. छोट्या डब्यात गुलाब गोठवून आणला होतात, बर्फ इतका स्वच्छ की पाकळीवरची शीर दिसत होती. सगळी गल्ली बघायला आली. मी मात्र तो वितळतोय म्हणून रडायला लागले. तुम्ही म्हणालात, "आगं रडती कशाला, हाय तवर बघून घे की." तर मी लोकांना सांगायचे, असा बर्फ मला परत बघायचाय. ऐकणाऱ्यांना पटायचं. मला पटत नव्हतं.

शेवटी एका रविवारी मी एकटीच एस.टी.नं नांदेडला गेले. अहमदपूर, लोहा, तोच रस्ता. मनात पक्कं केलं होतं की मायची समजूत काढायची, कुठल्या तरी एका जागेला तिचं 'हो' घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. ती ज्वारी पाखडत होती. मी म्हटलं, माय, तो फोटो दाखवला ही माझी अक्कल. ते सोड, पण तू यायचं नाही असं करू नको. ती सूप आपटत राहिली. मग थांबली.

"तू येऊस्तोवर ठिवायचं व्हतं," ती म्हणाली. मी विचारलं, काय? "तुझ्या अण्णाला. ऊन कसलं व्हतं तुला ठावं हाय. कारखान्यातून लाद्या आल्या, म्या न्हाई म्हनले न्हाई. लेकीनं त्वांड बघाया पायजे, मंग दुसरा उपाय काय व्हता? पर त्यान्ला थंडी सोसत न्हवती गं. जलमभर चुलीम्होरनं उठले न्हाईत. आन् त्यान्ला त्याच्यावरच निजवलं."

तिनं उजवा हात उताणा करून माझ्यापुढे धरला. "म्या हात घातला पाठीखाली. असा. पाठीच्या आन् बर्फाच्या मधी. बाया म्हनल्या, काढ, सुन्न पडंल. म्हनलं पडू द्या. ह्यो गार पडला की दुसरा घालायची, दुसरा पडला की ह्यो. तुझी गाडी येऊस्तोवर." मग तिनं पुन्हा सूप उचललं. "म्हनून मला बघवंना ते चित्र. तुझ्यावर राग न्हाई."

अण्णा, तुम्ही गेलात त्या दिवशी आमची एस.टी. लोह्याच्या अलीकडे बंद पडली होती. दुसरी मिळून मी पोचले तेव्हा दुपार कलली होती. दारात तुमच्या कारखान्याचे सगळे, भुसा लागलेल्या कपड्यांतच. घरात काचेसारख्या लाद्या, निवडून आणलेल्या, त्यांच्या कडांतून पाणी निथळतंय आणि परातीत साठतंय. कुणीतरी मला सांगितलं की लग्नाच्या गाड्या कारखान्याच्या दारात उभ्या ठेवून आधी तुमच्यासाठी बर्फ काढला. ही गोष्ट मी किती अभिमानानं सांगत आले. पण मायचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. मी दारातून हंबरडा फोडत आले आणि ती उठली नाही. तुमच्या कुशीला वाकून बसून राहिली, मला वाटलं हिला धक्का बसलाय, हिला मी दिसत नाहीये. बऱ्याच वेळानं तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिचे हात बर्फ झाले होते. मला वाटलं, दुःखानं रक्त गोठतं म्हणतात ते हे. आम्हा शिकलेल्यांना काहीही वाटतं.

आता ते सांगते, जे मी लेकीला, नवऱ्याला, कुणालाच सांगितलेलं नाही. मला गुलाबासाठी तिकडं जायचं नव्हतं. त्या दिवशी मी तुमच्या कपाळाला हात लावला आणि घाबरून मागे घेतला. तुमचा शेवटचा स्पर्श माझ्याकडे तोच आहे, दुसरा आठवायला गेले तरी तोच पुढं येतो. मी वर्गात पोरांना दरवर्षी शिकवते की थंडी म्हणून काही वस्तू नसते, नुसती उष्णता निघून जाते. फळ्यावर लिहून देते. घरी येऊन चहा करते आणि मनात येतं, त्या माणसाला कसं वाटलं असेल, एकट्यानं, त्या लाद्यांवर. वाटत नसतं काही, हे मला कळतं. तुम्हीच शिकवलेलं आहे. पण कळून काय उपयोग? म्हणून ती बर्फाची खाट दिसली तेव्हा माझं ठरलं. एक रात्र त्याच्यावर निजून बघायचं, एवढंच मला हवं होतं. म्हणजे तुम्ही तिथं एकटे राहिला नसता, असं काहीतरी खुळं गणित.

आणि माय सूप पाखडता पाखडता सांगते की तुम्ही एकटे नव्हताच. तिचा तळहात होता खाली. एवढी वर्षं ती हे धरून बसली आणि मी स्टाफरूममध्ये लाद्यांचं कौतुक सांगत होते. त्या रविवारी मी तिच्या शेजारी बसून ज्वारीतले खडे वेचले, खडे नव्हते तरी वेचले. एकदा तिचा हात धरला. ती म्हणाली, "आगं, काम करू दे की." हात गरम होता, कोंड्याचा.

परवा मायचा फोन आला. ती आपण होऊन फोन करत नाही, करायचा तर शेजारच्या सुनेकडून लावून घेते. म्हणाली, "ऐक. तुझं मन त्या बर्फाच्या घरावर बसलंय, मला कळतंय. लहानपणापास्नं तुझं असंच, त्वांडानं एक आन् मनात एक. तर तिकडंच जाऊ. म्या येते. एक रातीचं तर हाय, निजते म्या बी. दोघी मिळून निजू, मंग काय व्हत न्हाई." तिचा आवाज अगदी ठाम, आणि ठाम आवाजाच्या खाली जरासा कापरा. जिला ते चित्र बघवलं नाही ती बाई माझ्यासाठी त्या खाटेवर निजायला निघाली होती.

मी क्षणभरही थांबले नाही. म्हटलं, "माय, तिकडच्या खोल्या संपल्या गं. सगळ्या भरल्या. आता फिनलंडच." ती म्हणाली, "आस्सं. बरं मंग." आणि लगेच, हुश्श केल्यासारखी, "तिथं ती शेकायची खोली हाय न्हवं? कपडे काढून बसत्यात म्हने. म्या न्हाई बाई काढायची." मी म्हटलं, तू लुगड्यावर बस, तुला कोण अडवतंय. ती हसली. किती दिवसांनी तशी हसली, अण्णा, तुम्ही चुलीपुढनं न सरकल्यावर हसायची तशी. लेकीलाही मी तेच सांगितलं, खोल्या भरल्या म्हणून. ती म्हणाली, अरेरे, तुझा किती जीव होता त्यात. मी म्हटलं, चालायचंच.

आज सकाळी ट्रॅव्हल्सवाल्याकडे जाऊन तिघींची नावं फिनलंडला देऊन आले. तो बिचारा अजून स्वीडनचंच धरून बसला होता, म्हणत होता की मॅडम, तुमच्यासाठी विचारून ठेवू का. मी नको म्हणाले.

तिथं जागा आहे की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंच नाही.